कापसाचे बोळे

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. आज सांगावंसं वाटतंय ते एवढंच, की माझे कान गेलेत. सगळे नाही, पण बाबांचे या वयात जितके गेले होते, जवळपास तितके.

भंडाऱ्याच्या आपल्या घरातला तुझा स्वयंपाक मला आवाजासकट आठवतो. बाबा ताटावर बसलेत, तू त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं विचारतेस, "भाजी वाढू का जी?" शेजारची काकू दारातून हसते, "तुमच्या घरी जेवण चालू हाय का भांडण, समजतच नाई वं!" तूही हसतेस. बाबांनी जन्मभर पितळेच्या गुंडांवर, पाण्याच्या त्या मोठ्या भांड्यांवर, मठारकाम केलं. गुंड लोखंडी खुंट्यावर चढवायचा आणि हातोडीचे एकसारखे ठोके देत फिरवायचा. पोकळीत घुमलेला प्रत्येक ठोका सरळ कानात येतो. कारखान्यात त्याचं कोणाला काही वाटत नसे. मी कामाला लागलो तेव्हा एकदा घरी आल्यावरही कानातली शिट्टी थांबेना. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं, तर बाबांनी सगळ्यांना चहा मागवला. "पोरगं कामाचं झालं," म्हणाले. कान वाजायला लागले म्हणजे हात बसला, असंच तिथं सगळे धरून चालायचे. त्या चहानं माझी छाती फुगली होती.

तू मात्र ते ऐकून रात्री चुलीपुढं कापूस पिंजत बसलीस. सकाळी डब्याबरोबर कापसाचे दोन बोळे दिलेस, जवसाच्या तेलात भिजवून पिळलेले. "कानात टाकत जा बाबू. एकाशी बोंबलून राहिली मी, दोघांशी मले जमाचं नाई."

काही दिवस घातले. मग मला वाचनाचं वेड लागलं. शाळा सातवीतच सुटली. पुढचं सगळं, धातूचं, मिश्रणाचं, आवाजाचं, मी रद्दीतून आणलेल्या पुस्तकांतून एकट्यानं शिकलो, आणि त्याचा तोरा मला आजही आहे. त्यातच कळलं, की कापसानं आवाज फारसा अडत नाही. कानात घट्ट बसतील असे खास बोळे लागतात, नाहीतर अख्खे कान झाकणारी टोपणं. मी तुझे बोळे तुझ्याच हातावर ठेवले. "माय, याचा काही उपयोग नाई. पुस्तकात लिहून हाय." तू एवढंच म्हणालीस, "मंग पुस्तकात जे लिहून हाय ते टाक ना!"

मी बरोबर होतो, माय. कोणत्याही डॉक्टरला विचार, तो तेच सांगेल. पण बरोबर ठरल्यावर मी कानात काहीच घातलं नाही. टोपणं घालून बसलो तर लोक हसतील, आणि हातोडी कुठं पोकळ पडली ते कळणार नाही, असं मनाशी म्हणत राहिलो. तुझ्या चुकीच्या कापसामागची बरोबर भीती मला वाचता आली नाही.

मागच्या महिन्यात नागपूरला कानांची तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी वाट पाहत बसलो. सुरुवातच झाली नाही असं वाटत होतं, आणि काचेपलीकडची मुलगी तर केव्हापासून आवाज सोडत होती. गेलेलं परत येत नाही, ती म्हणाली. उरलेलं सांभाळा, ठोक्यांत बसाल तेव्हा टोपणं घाला आणि ऐकायचं मशीन आत्ताच लावा, उशीर करू नका. बारीक आवाज आधी जातात, म्हणून कोणी बोललेलं कळतं, पण शब्द कळत नाहीत. हे मला ठाऊक होतं. तिच्यापुढं म्हणूनही दाखवलं.

टोपणं आणली, कारखान्यात घालतो. पोरं हसली, मग त्यांनीही मागितली. कानातलं मशीन मात्र डबीत आहे. तुझी सून आता तुझ्यासारखीच मोठ्यानं बोलते: जेवायला चला, गॅस संपला, फोन वाजून राहिला. पण जे ओरडून सांगण्याजोगं नसतं, ते ती हल्ली सांगतच नाही. बाबांच्या कानांमुळं तुझ्या पोटात असं किती राहून गेलं, हे मला आत्ता सुचतंय, आणि आता कोणाला विचारू.

हे पत्र ठेवायला जागा नाही, पाठवायला पत्ता नाही. आणि एक राहिलंच. काल संध्याकाळी तुझी सून भाजी निवडता निवडता खालच्या आवाजात, बराच वेळ, काहीतरी बोलली आणि शेवटी म्हणाली, "आयकलं का जी?" तेवढंच मला ऐकू आलं. मी हो म्हणालो.