दुसऱ्या भातानंतरची राक्षसीण

डोंबिवली, ८ सप्टेंबर २०२५

ति. कलाआत्यास,
मेघालीचा शि. सा. न. वि. वि.

प्रणितने चुगली केलीच ना? तुझा मुलगा खेळतो छान, पण पोटात काही ठेवत नाही. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून हा खुलासा कागदावर. आम्ही रविवारी जमून फाशांनी एक साहसकथा खेळतो. बाकीचे शूरवीर होतात, गोष्ट मी सांगते आणि राक्षसही मीच घडवते. यावेळची राक्षसीण तुझ्यावरून घेतली, हे खरं आहे. ती वीरांना पानावर बसवते आणि विचारते, पगार किती, लग्न कधी, चांगला मुलगा का नाकारलास? उत्तर चुकवलं की ताकद घटते. आजवरच्या माझ्या राक्षसांत हीच सर्वांत जबरदस्त आहे! रागावली असशील तर नाव बदलते. राक्षसीण बदलणार नाही.

लोभ असावा, प्रश्न थोडे कमी असावेत.
तुझी मेघाली

नौपाडा, १३ सप्टेंबर

चि. मेघालीस,
अ. उ. आ.

रागावले होते. प्रणितला दोन दिवस अळणी आमटी वाढली. मग त्या राक्षसिणीचं चित्र त्याच्याकडून मागवून घेतलं. नऊवारी, हातात पळी, तीन जिभा! अगं, मी पाचवारी नेसते, एवढं तरी बघायचंस. आणि पानावर बसल्या बसल्या प्रश्न विचारतात का? दुसरा भात वाढल्यावर विचारायचं, तेव्हा पाहुण्याला उठता येत नाही. तेवढी दुरुस्ती कर.

पण एक सांग. तू दिवाळीला आली नाहीस, माझ्या साठीलाही नाही. मला वाटलं, ऑफिसचं काम असेल. माझ्या प्रश्नांना भिऊन येत नव्हतीस का? असेल तर फार वाईट वाटेल, तरी खरं ते लिही. मला मारायचं कसं, तेही कळव.

लोभ आहेच, तो आटणारा नाही.
कलाआत्या

डोंबिवली, २२ सप्टेंबर

ति. आत्यास,
शि. सा. न.

दुसऱ्या भाताला सगळे अडकले! आमच्या डावातले चिराग आणि संचिता तलवारी उपसून धावले आणि गारद झाले. तिला मारता येतच नाही. खरं उत्तर दिलं की ती पळी खाली ठेवते आणि वाट सोडते. इतकं सोपं, पण कुणाला सुचलं नाही.

मलाही तुझ्यासमोर कधी सुचलं नाही. हो, भिऊनच येत नव्हते. आईनंतर मला तूच आहेस, तू तुटलीस तर काय करू? आता लिहूनच टाकते. आत्या, मला लग्न करायचं नाही. कुणी फसवलेलं नाही, कुणी मनातही नाही. माझं छान चाललंय आणि ते असंच चालायला हवंय.

लोभ राहिला असेल तर कळव.
मेघाली

नौपाडा, २७ सप्टेंबर

चि. मेघालीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रडले, खोटं कशाला बोलू. तुला ताप आला तर उशाशी कोण बसेल, इथपर्यंत मन धावत गेलं. मग कुकर लावताना लक्षात आलं, लग्नाचा प्रश्न मी जगाला विचारत आले, पण मला तो कुणी विचारलाच नव्हता. वडिलांनी तारीख सांगितली, मी साडी बदलून बाहेर आले. प्रणितचे बाबा भले माणूस होते, तक्रार नाही. पण विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा निर्धास्त ये. लोभ आहे तसाच आहे, उलट चार बोटं वाढलाय. आणि तुझ्या वीरांना सांग, पुढच्या डावात एकाने तरी तिलाच विचारावं, बाई, तुला लग्न करायचं होतं का? उत्तर मी कळवते.

तुझी
कलाआत्या