दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते

ती. मामांच्या सेवेशी,

तुमच्या लाडक्या (मामींच्या मते लाडावून ठेवलेल्या) भाच्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. आई बरी आहे, बाबा माझ्यावर रागावलेले आहेत, म्हणजे तेही बरे आहेत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला, की तिकडची हवा मानवून तोही कायमचा राहायला आला? नव्या ऑफिसातल्या साहेबांशी तुमचं जमलं असेल अशी आशा करतो. नसेल जमलं तर कळवा, मी येऊन बोलतो त्यांच्याशी. (नको म्हणाल, माहीत आहे.)

पत्रास कारण की, तुमच्या गाडीचं इंजिन ऑइल बदललं. कळवायचं ते एवढंच. पत्र खरं तर इथेच संपायला हवं. पण ऑइल बदलणं ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही, मामा. नट सोडला, जुनं काढलं, नवं ओतलं, असं वरवर वाटतं. आत किती काय काय बदलतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून तुम्ही बजावलं होतं, की आठवड्यातून एकदा गाडी चालू करायची, गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची, परत आणून झाकायची, आणि वेळ झाली की कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून घट्टातलं घट्ट ऑइल टाकून घ्यायचं. मी अगदी आज्ञाधारकपणे त्याच्याकडे गेलो. त्याने इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, अजून वर्षभर काढेल, जा बिनधास्त. मी म्हटलं, अहो, डांबर दिसतंय ते. तर म्हणतो, डांबर टिकाऊच असतं की! आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी बोनेट असं आपटलं की समोरच्या घरातलं झोपलेलं बाळ उठलं. (त्या बाळाच्या आजोबांशीही मग माझं वाजलं, पण त्याचा ऑइलशी संबंध नाही.) गाडी काढली आणि सुटलो. माझा राग साधारण शहर ओलांडेपर्यंत टिकतो. तो जिथे संपला तिथे, कालव्याच्या पुलापलीकडे, रस्त्याच्या कडेला ऑइलचं दुकान होतं.

कलती दुपार होती. दुकानाच्या फळ्यांवर ऑइलचे डबे ओळीने मांडलेले, आणि मागच्या झरोक्यातून येणारं ऊन त्यांच्यावरून सरकत सरकत काउंटरवर येऊन थांबलेलं. त्या उन्हात ती बसली होती. (दुकान तीच चालवते. दुकान तिच्या काकांचं, पण काका सदोदित कुठल्यातरी गाडीखाली उताणे पडलेले असतात, त्यामुळे मला त्यांचे फक्त पाय ओळखता येतात.) एका हाताने ती पुसायच्या फडक्याची घडी घालत होती आणि दुसऱ्या हाताने फोनवर कुणालातरी झापत होती. मामा, इतक्या शांतपणे झापणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आपल्या घरात ही कला कुणालाच नाही.

तिने गाडीचं मॅन्युअल मागितलं. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढून दिलं. ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं, पिशवी फोडलेलीसुद्धा नव्हती, हे बघून तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. पान शोधलं आणि म्हणाली, या गाडीला पातळ ऑइल लागतं. मी म्हटलं, मामा घट्टच टाकतात. ती म्हणाली, "मामा बसतात का इंजिनात?" हेच दुसरं कुणी बोललं असतं तर तुमच्या मानासाठी मी तिथल्या तिथे हमरीतुमरीवर आलो असतो. पण मी म्हटलं, "नाही." एवढंच.

मग तिने दोन डबे समोर ठेवले. एक साधं मिनरल ऑइल. ते पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदलायचं. दुसरं सिंथेटिक. ते दहा हजारांना किंवा वर्षाने, जे आधी होईल ते. "हे सिंथेटिकच घ्या," ती म्हणाली, "वर्षभर इकडे फिरकायला नको." मामा, त्या वाक्याने काळजात जे झालं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो : भर रस्त्यात टायर पंक्चर झाल्यावर स्टिअरिंग जसं एका बाजूला ओढतं ना, तसं झालं. ज्या माणसाला भेटून पाच मिनिटंही झाली नाहीत, तिला मी वर्षभर दिसायला नको? चांगलं ऑइल म्हणजे लांबचा विरह, हे त्या क्षणी मला लख्ख दिसलं. मी मिनरलचा डबा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, आमच्या मामांना साधंच आवडतं.

इथून पुढे जे काही झालं ते तुमच्या नावावर झालं, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

काका गाडीखालून जुनं तेल काढत, ती वरून नवं ओतत असे. नवं तेल डब्यातून इंजिनात पडताना तुम्ही कधी बघितलंय? त्याला आवाज नसतो. मधासारखी सोनेरी धार, जराही न थरथरता, वाटतं आता ही कधी संपणारच नाही. ती धार बघताना आपण कुठे बसलोय, कुठे चाललोय, आपलं पुढे काय होणार, सगळं विसरायला होतं. डबा रिकामा झाला तरी ती तो तसाच धरून ठेवते, शेवटचे थेंब निथळेपर्यंत. घाई म्हणून नाही. मी तर म्हणतो, ज्या मुलीला शेवटच्या थेंबासाठी थांबता येतं तिच्यासाठी माणसाने पाच हजार किलोमीटर हसत हसत करावेत.

आणि मी ते करायला लागलो. दुपारपर्यंत बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं (गिऱ्हाइकं हल्ली मला बघून परत जातात, त्यामुळे लवकर सुटका होते), आणि मग तुमची गाडी घेऊन निघायचं. कुठे म्हणून नाही. कालव्याच्या कडेने, पाण्यात झाडांच्या सावल्या पडलेल्या असतात, त्या सावल्या संपेपर्यंत. मग बाहेरचा गोल रस्ता, तो तर संपतच नाही, फिरून फिरून तिथेच आणतो. संध्याकाळी कारखान्याचे दिवे लागतात, ते काचेवरून एकामागून एक वाहत जातात. इंजिन आपल्याशीच गुणगुणत असतं, आणि मीटरवरचा शेवटचा आकडा असा अलगद वर सरकतो, की वाटतं गाडी रस्त्यावरून नाही, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या श्वासावरून चाललीये. कितीदा तरी वळायचं ते वळण मागे राहिलं. एकदा पेट्रोल पंपावरच्या माणसाने विचारलं, कुठवर निघालात? मी म्हटलं, ऑइल काळं होईपर्यंत. त्याने टाकीचं झाकण फार जपून लावलं.

पण पाच हजार म्हणजे पाच हजार, मामा. निम्मेही झाले नव्हते तर मी दुकानात हजर. ती म्हणाली, एवढ्यात? मी म्हटलं, मामांचा निरोप आहे, त्यांना ताजंच ऑइल लागतं. तिने बदलून दिलं. आणि मग माझं धाडस वाढलं. मामांना शंका आली म्हणून फिल्टर बघायला गेलो. मामांना स्वप्न पडलं म्हणून पट्टी बघायला गेलो. परिणाम असा झाला आहे, की त्या दुकानात तुमची कीर्ती फार पसरली आहे. काका परवा गाडीखालूनच म्हणाले, "इंजिनावर एवढी माया करणारा माणूस मी पाहिला नाही हो. एकदा घेऊन या त्यांना, पाया पडायचंय." मी मान डोलावली. (त्यांना ती दिसली नाही, कारण ते खाली होते.)

तिला मात्र तुमच्याबद्दल शंका येऊ लागली होती.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. तिने डबा काढला नाही. पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, बाहेर काढून उजेडात धरली. पट्टीच्या टोकाला तेल कसं दिसत होतं म्हणून सांगू, उन्हात ठेवलेल्या काचेच्या गोटीसारखं. ती म्हणाली, "हे ऑइल अजून कामालासुद्धा लागलेलं नाही." मी म्हटलं, मामा... "मामांना राहू द्या," ती म्हणाली. "कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून तुम्हीच सांगत होता ना मागे? ऐटीत? हे ऑइलही अर्ध्यात. तुम्ही सगळंच अर्ध्यात सोडता का?"

काकांचे पाय हलायचे थांबले. मामा, खरं सांगतो, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तराऐवजी राग बाहेर आला. हा राग माझ्या आधी कसा पोचतो सगळीकडे, देव जाणे. मी काउंटरवर हात आपटून म्हणालो, मी अर्ध्यात सोडणारा वाटतो काय? घाला! दुकानातलं सगळ्यात जास्त टिकणारं ऑइल घाला! आत्ताच्या आत्ता!

"नक्की?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी एकदा बोललो की बोललो.

तिने सिंथेटिकचा डबा फोडला आणि ओतला. तीच धार, तीच संथ, सोनेरी. या वेळी ती शेवटच्या थेंबापर्यंत जरा जास्तच थांबली असं मला वाटलं, पण मी कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे बघत होतो, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. मग तिने कार्ड लिहून गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला अडकवलं. मी ऐटीत निघालो. पुलावरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते कार्ड हलत होतं, म्हणून सहज वाचलं. पुढील ऑइल : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी तसाच. माझ्याच तोंडाने मी माझं एक वर्ष तिथल्या तिथे घालवून बसलो होतो, मामा. हॉर्न वाजवणाऱ्यांपैकी एकाशीही भांडलो नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

तेव्हापासून मी गोल रस्त्यावर आहे. दहा हजार म्हणजे किती असतात याचा हिशेब करत नाही, नुसता चालवतो. कधी वाटतं, पोचेन तेव्हा ती मला ओळखेल का. कधी वाटतं, रस्ताच वाकून वाकून त्या दुकानाच्या दारात जाईल आणि ती काही न विचारता पट्टी काढेल, आणि तेल काळंभोर असेल, आणि ती म्हणेल, आत्ता कुठे. मग बाजूने ट्रक जातो आणि मी भानावर येतो.

तर, ऑइल बदललं, ते असं. मामींना नमस्कार. आजीच्या औषधांची काळजी करू नका, मी आणून देतो. चूकभूल द्यावी घ्यावी, राग नसावा. रागाचं खातं आपल्या घरात मी एकटा सांभाळतो आहे.

तुमचाच,
भाचा

ता. क. पुढल्या महिन्यात येऊन गाडी घेऊन जाणार असं तुम्ही आईला फोनवर म्हणालात म्हणे. मामा, पत्र मुळात त्यासाठीच लिहिलं. हे दहा हजार पुरे होईपर्यंत गाडी माझ्याकडे राहू द्या. गाडी गेली तर मी कुठल्या तोंडाने त्या दुकानात जाऊ? पायाने चालणाऱ्या माणसाला ऑइल लागत नाही. (मीटर बघून दचकू नका. आणि घट्ट ऑइलचा आग्रह सोडा, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय.)

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर पुन्हा उघडलं. तिचा फोन आला! दुकानातून. म्हणाली, खालच्या नटाला जुनाच वॉशर राहून गेला असेल, थेंब पडतोय का बघा. मी धावत जाऊन गाडीखाली उताणा पडलो. एक थेंब नाही, खाली सगळं कोरडं ठणठणीत. वर आलो आणि म्हणालो, हो, पडतोय, बराच पडतोय, लगेच घेऊन येतो. ती म्हणाली, "खोटं. वॉशर नवा आहे, मी स्वतः दिला होता काकांच्या हातात." पलीकडे काका हसल्याचा आवाज आला, या वेळी ते गाडीखाली नसावेत. मला कळेना फोन ठेवू की आपटू. तर ती म्हणते, रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा या. गाडी नाही आणलीत तरी चालेल.

मामा, गाडी नाही आणली तरी चालेल! तेव्हा तुम्ही हवं तेव्हा या आणि तुमची गाडी घेऊन जा. वरची ता. क. वाचलीच नाही असं समजा.

ता. क. ३. एक राहिलं. तिने अट घातली आहे. रविवारी पहिल्यांदा कॉलेज अर्ध्यात का सोडलं ते नीट सांगायचं, आणि मामांचं नाव न घेता. मी सकाळपासून विचार करतोय, धड असं एकही कारण हाताला लागत नाही. पण बाबा माझ्यावर संतापले होते त्या दिवशी तुम्ही मध्ये पडून त्यांना माझ्या वतीने एक कारण सांगितलं होतं, आणि ते ऐकून बाबा चक्क गप्प बसले होते. ते फारच चांगलं असणार. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो, ऐकायचं राहून गेलं. ते कारण काय होतं, तेवढं कृपा करून उलट टपाली कळवा. रविवारच्या आत.