गिऱ्हाईक आणि सारथी

सोमवार, ३ मार्च
नवे कामगार कायदे समजावून सांगायला मालक लोकांची सभा होती. बायकोने ढकललं म्हणून गेलो. आधीच धंद्याची रड, त्यात हा दुष्काळातला तेरावा महिना!

समजावणाऱ्या वकीलबाई मात्र धडाधड बोलतात. पहिल्या दिवशीच नेमणूकपत्र द्यायचं. कुणी कामाची वेळ बदलून मागितली तर नुसतं 'नाही' चालणार नाही, कारण द्यावं लागेल. आणि शेवटचं – आपल्या माणसाला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवणं मालकाचं काम. त्रास देणारा बाहेरचा असला, गिऱ्हाईक असलं तरी!

शेजारी ड्रायक्लीनिंगवाला होता. कुजबुजला, "गिऱ्हाईक म्हणजे देव म्हणतात. आता देवावर खटला भरायचा?" मी खो खो हसलो. बाईंनी पाहिलं.

मंगळवार, ४ मार्च
लाँड्रीत सगळ्यांना गोळा करून ऐकलं ते सांगितलं. नेमणूकपत्रं वाटली. इस्त्रीवाले काका चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी इथे पाहुणा होतो की काय?" हशा!

गाडी चालवते ती – आम्ही सगळे तिला सारथी म्हणतो – हसली नाही. पांगापांग झाल्यावर जवळ आली. "बाहेरचा माणूस म्हणजे हॉटेलातलाही का?" मी म्हटलं, हो, सगळेच. तेवढ्यात बॉयलर कुरकुरायला लागला, मी तिकडे पळालो.

जेवताना हिला सांगितलं. हिचा घास हातातच राहिला. "अहो, ती उगाच विचारेल का?"

बुधवार, ५ मार्च
सकाळी ही माझ्याबरोबर आली. सारथीला ऑफिसात बसवलं, चहा दिला. मी बाहेर जायला निघालो, तर तीच म्हणाली, "थांबा साहेब, तुम्हीपण ऐका."

मोठ्या हॉटेलचा मॅनेजर. चादरी मोजून घ्यायच्या निमित्ताने कपड्यांच्या खोलीत येतो, दार लोटतो. आधी नुसतं बोलणं – लिहवत नाही इथे. मागच्या महिन्यापासून हात.

हिने विचारलं, "आधी का नाही बोललीस?"
"अर्धं काम त्या हॉटेलचं आहे. माझ्यापायी काकांची इस्त्री थंड पडली असती."

ही तिचा हात धरून बसून राहिली. तोंडभर हसणाऱ्या त्या माणसाशी मी दर आठवड्याला हात मिळवतो.

शुक्रवार, ७ मार्च
कशातच चित्त नाही. पांढऱ्या चादरींत लाल पडदा टाकला. सगळा घाणा गुलाबी! काका म्हणाले, "छान दिसतंय. नवी फॅशन."

वकीलबाईंना फोन केला. मला वाटलं होतं, सारथीला दुसऱ्या फेरीवर टाकू, हॉटेलला मी जाईन, मिटलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे शिक्षा तिलाच! चुकला तो, हलायचं तिने? आधी तिला विचारा, तिला काय हवंय." चपराकच. पण बरोबर.

विचारलं. सारथी म्हणाली, "मला फेरी बदलायची नाही. मला तो नकोय तिथे."

शनिवार, ८ मार्च
हॉटेलात गेलो. मालकांना भेटायचंय म्हटलं, तर मॅनेजरच पुढे आला. मालक परगावी म्हणे. मग त्यालाच तोंडावर सांगितलं.

"अहो, गंमत केली जराशी! एवढ्याशा गोष्टीवर धंदा मोडता? तुमच्यासारखे लाँड्रीवाले पायलीचे पन्नास मिळतात."

"मिळतील. पण तुम्ही या हॉटेलात आहात तोवर आमची गाडी या दारात येणार नाही."

तक्रारीचा कागद स्वागतकक्षावरच्या मुलीकडे दिला, मालकांच्या नावाने. पोचही घेतली. आपल्या टोपल्या उचलल्या आणि बाहेर. गाडीत सारथी बसून होती. मी चढताच तिने ती अशी पळवली की माझी टोपी उडाली!

गुरुवार, १३ मार्च
दोन मशीन बंद. हॉटेलच्या मालकाचा काही निरोप नाही.

काकांनी मात्र कमाल केली. म्हणाले, नव्या कायद्याने वेळ बदलून मागता येते ना? मग मी मागतो. काम मिळेपर्यंत मी अर्धा दिवसच येणार, पण कुणाला घरी बसवायचं नाही! मी म्हटलं, काका, नाकारायला कारण सापडत नाही. मग त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनीही तेच मागितलं. मी घाम पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

शनिवार, १५ मार्च
सारथी कुणालाही न सांगता गावभर फिरून आली. व्यायामशाळेचे टॉवेल मिळाले. "वास मारतात," म्हणाली, "पण माणसं बरी आहेत." एक दातांचा दवाखानाही विचार करतोय. हॉटेलची बरोबरी नाही, पण एक मशीन फिरायला लागलं. त्याची घरघर ऐकत उगाचच उभा राहिलो.

ही म्हणते, रंग आला तुमच्या तोंडावर.

मंगळवार, १८ मार्च
शटर उघडायला गेलो तर दारात तीन बायका. त्या हॉटेलच्या साफसफाईवाल्या, तिथल्याच गणवेशात. "तुमच्या त्या बाईंनी तोंड उघडलं म्हणे. आमच्याशीही तो तेच करतो. मालक आज आलेत. आम्ही त्यांना सांगायला जाणार आहोत, त्या येतील का आमच्याबरोबर?" सारथीने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आजची फेरी तुम्ही करा, साहेब," म्हणाली, आणि चौघी निघाल्यासुद्धा.