खड्ड्यातला तो आवाज

तंजावूर, फेब्रुवारी १९९५
बुधवार, संध्याकाळ

फट्! एकदाच, पण स्पष्ट. सकाळी मूर्ती भाजायला परसातला खड्डा पेटवला, पेंढा आणि शेणी धडाडून पेटल्या आणि तेवढ्यात आतून आवाज आला. मांडी घालून बसलेली माझी मातीची बाई फुटली असेल का? की नुसती जळणातली नारळाची करवंटी तडकली? राख निवेपर्यंत खड्डा उघडायचा नाही, म्हणजे उद्यापर्यंत हाच घोर.

याआधीच्या दोन्ही मूर्ती फुटल्या त्या माझ्याच घाईने. माती आतून ओली राहिली होती. या वेळी रोज मूर्तीला गाल लावून पाहिला. गार लागेनाशी झाली तेव्हाच तिला खड्ड्यात ठेवलं. मग फट् कसलं?

आणि ह्यांना गवंडी नेमका आजच बोलवायचा होता! परसात सिमेंट घालून नवी गाडी ठेवायची आहे. सगळ्या गल्लीत आपल्याकडेच गाडी नाही म्हणे. मी तावातावाने म्हणाले होते, "हीसुद्धा फुटली तर खुशाल बुजवा खड्डा." कशाला बोलले?

दिवेलागणीला मागच्या दारी गेले तर हे कोलमचं, म्हणजे इथल्या रांगोळीचं, पीठ घेऊन वाकलेले. खड्ड्याभोवती चांगलं ऐसपैस रिंगण काढत होते. गवंड्याला तमिळमध्ये म्हणाले, "एवढं सोडून घाल." मग माझ्याकडे न बघताच, "शेणी रचायला जागा लागेल ना तुला?"

अहो, खड्डा तर अजून उघडलासुद्धा नाही!