टेकडीवरचा अर्धा दगड

हिनाकार,
४ ऑगस्ट १९७४

ती. स्व. झारुही आत्यास,
आर्पेनिकचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जुलैत आलं आणि उत्तर ऑगस्टात निघतंय, यावर तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतं. जर्दाळू सगळे एकदम पिकले. छपरावर वाळत घातलेत आणि कोंबड्या हाकलायला मी एकटी. आईच्या माघारी तोनीरची भट्टीही मीच पेटवते. परवा हिवाळ्यासाठी लवाशच्या दोनशे रोट्या भाजल्या. भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकून इतका वेळ बसले की उठताना भिंत धरावी लागली. तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरणीला खुर्ची आणून द्या.

आता मुख्य गोष्ट. जिल्ह्याच्या संग्रहालयाला आपल्या गावाची पुस्तिका काढायची आहे आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. उन्हाळाभर वही घेऊन हिंडले. किल्ल्याची उरलेली भिंत पावलांनी मोजली. मेंढ्याच्या आकाराचे थडग्यांचे दगड मोजले. ते एकोणीस निघाले, लहानपणापासून आपण वीस म्हणत आलो. झऱ्याच्या दोन तोट्यांवरचा लेख कोळसा घासून कागदावर उतरवला. अडलं ते टेकडीवरच्या चर्चापाशी. क्रुसाच्या दगडाचा खालचा भाग, सूर्यचक्राचा, अजून उभा आहे. वरचा क्रूस गेला. गाव जे सांगतं तेच मी लिहिलं, की १९३४ साली चर्च पाडून त्याचे दगड सरकारी गोठा बांधायला न्यायचे ठरले तेव्हा सरहद्दीपलीकडच्या मूशकडून आलेल्या निर्वासितांपैकी गाडीवान बेनो याने तो फोडून नेला. पण हे पाहिलं कोणी, म्हणून विचारायला गेले तर प्रत्येक म्हातारी एकच सांगते, झारुहीने पाहिलं.

तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. नेमकं काय दिसलं ते चार ओळींत लिहून पाठव, म्हणजे साक्षीदार म्हणून तुझं नाव घालीन. कच्ची छपाई दहा सप्टेंबरला तपासून परत द्यायची आहे, आणि पुस्तिका क्रुसाच्या सणाला वाटायची आहे. बेनोची मुलगी माक्रुही अजून आपल्या समोरच राहते. सणाच्या नवसाच्या कोकराचं मांस सात घरी वाटताना आपण तिचं दार सोडतो, तेही अजून तसंच चालू आहे.

गुडघ्यांना जप. उशिरा उत्तर देणाऱ्या भाचीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी
आर्पेनिक


लेनिनाकान,
१३ ऑगस्ट १९७४

चि. आर्पेनिक हिस,
झारुही आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दोनशे लवाश भाजलेस आणि आत्याच्या वाट्याला त्यांची नुसती बातमी. बरं आहे. इथल्या दुकानातला पाव खाऊन माझे उरलेले दातही कंटाळलेत. गिरणीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणी रोज संध्याकाळी बाकावर जमतात आणि कोणाचा गुडघा जास्त दुखतो यावर भांडतात. काल मी जिंकले.

मला साक्षीदार-बिक्षीदार करू नकोस. चाळीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय? तू झऱ्याचं लिही, किल्ल्याचं लिही, मेंढे एकोणीस की वीस यावर दोन पानं लिही, लोक आनंदाने वाचतील. दगड फुटला एवढं लिहिलं तरी पुरे. नावं कशाला हवीत? बेनो बिचारा कधीच गेला. शांत माणूस होता, बैलालासुद्धा शिवी द्यायचा नाही. तो कसला दगड फोडतोय. त्या कामाला किती पाणी वाहावं लागतं हेसुद्धा त्याला ठाऊक नसेल.

ते पान काढून टाक. वाळलेले जर्दाळू मात्र पाठव, आणि मऊ बघून पाठव.

इथून हात उंच करून तुझ्या डोक्यावर ठेवलाय असं समज.

तुझी
आत्या


हिनाकार,
२२ ऑगस्ट १९७४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

जर्दाळू आज टपालात टाकले. मऊ आहेत.

तुझं पत्र मी वहीत उतरवून घेतलं आणि एका वाक्यापाशी थांबले. दगड पहारीने फोडला असं सगळं गाव म्हणतं. पहारीला पाणी कशाला लागतं? म्हणून टेकडीवर गेले. आजवर शंभरदा मुलांना तिथे नेलं असेल, पण दगडाचा फुटलेला माथा कधी हात लावून पाहिला नव्हता. तिथे एका रेषेत पाच खाचा आहेत, पाची सारख्या अंतरावर. खाणीवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ही लाकडी पाचरांची कामगिरी. सुक्या पाचरा ठोकायच्या, त्यांवर पाणी ओतत राहायचं, लाकूड फुगतं आणि दगड सरळ उकलतो. शेवटी म्हणाला, बाई, हे गाडीवानाचं काम नाही, हा कोणी उस्ता होता, कसलेला पाथरवट.

त्या काळी गावात उस्ता एकच होता, आत्या. ओहान आजोबा.

मी चुकत असेन. चुकत असावी अशी फार इच्छा आहे, आणि त्या इच्छेमुळेच माझा स्वतःवर भरवसा राहिलेला नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती मी वहीतसुद्धा लिहिली नव्हती. मे महिन्यात परीक्षेत मी प्रश्न घातला, आपल्या गावच्या क्रुसाच्या दगडाचा इतिहास लिहा. माक्रुहीची नुनुफार माझ्या वर्गात आहे. तिने लिहिलं, माझे आजोबा बेनो यांनी तो फोडला. अक्षर सुंदर, एकही चूक नाही. मी तिला पाचापैकी पाच दिले. त्या पोरीला ते वाक्य लिहिताना काय वाटलं असेल, हे त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही. उलट, माझं शिकवणं नीट पोचलं म्हणून मी खूश होते.

काय झालं ते मला सांग. आजोबांची मी लाडकी होते म्हणून सांगू नकोस असं म्हणू नकोस.

माया आहे म्हणूनच विचारते आहे.

तुझी
आर्पेनिक


लेनिनाकान,
३१ ऑगस्ट १९७४

चि. आर्पेनिक हिस,
आशीर्वाद.

जर्दाळू पोचले. डबा उघडलेला नाही.

तोनीरच्या डाव्या हाताला जो सपाट दगड आहे, ज्यावर तुझी आजी गुडघे टेकायची, मग तुझी आई, आणि आता तू, तो उचल.

त्या वर्षी आमचं घर निम्मं उभं राहिलं होतं. चर्च पाडायचा हुकूम वरून आलेला होता. बाबा म्हणाले, त्यांच्या हातोड्याखाली जाऊन त्याची खडी होणारच, त्यापेक्षा क्रूस तरी आपल्या घरात राहील. असं ते म्हणाले. पण तोनीरच्या खोलीला सपाट दगड हवा होता हेही खरं आहे, आणि यातलं आधी काय मनात आलं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पाचरांवर पाणी मी ओतलं. झऱ्यावर तीन खेपा केल्या. वाहून न्यायला बेनोची गाडी सांगितली. वर गवत टाकलं होतं, पण काय नेतोय ते त्याला कळलं होतं. तरी त्याने बैल हाकले. मूशकडून ते सगळे आले तेव्हाचा पहिला हिवाळा त्यांनी आमच्या गोठ्यात काढला होता, आमच्या घरचं मीठ खाल्लं होतं.

खालचा भाग तसाच राहिला, कारण पुढे पाडायला कोणी आलंच नाही. काही आठवड्यांनी हुकूम फिरला. ते कळलं त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

मग गाव विचारायला लागलं. झऱ्यावर बायकांनी मला घेरलं, त्या दिवशी तू सारखी पाण्याला येत होतीस, काही दिसलं का गं? मी म्हणाले, बेनोची गाडी दिसली. एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, आर्पेनिक. या एका आधारावर मी चाळीस वर्षं काढली. पुढचं सगळं गावानेच जोडलं आणि मी घागर उचलून घरी आले. पुढच्याच वर्षी लग्न करून इथे आले, आणि माहेरी जाणं का टाळते याला दरवेळी गुडघ्यांचं कारण सांगत राहिले.

बेनो मेला तेव्हा त्याला खांदा द्यायला चारच माणसं मिळाली. त्यांतले एक बाबा होते. गाव म्हणालं, ओहानचं मन केवढं मोठं.

आता माझं मागणं. मी फार दिवस राहणार नाही. मी गेल्यावर जे छापायचं ते छाप. तेवढे दिवस मला दे. हे मागायला तोंड नाही, तरी मागते.

माया ठेवावीशी वाटली तरच ठेव.

आत्या


हिनाकार,
८ सप्टेंबर १९७४

सौ. माक्रुहीताईंस,
आर्पेनिकचा स. न. वि. वि.

आपल्या दोन दारांमध्ये वीस पावलं आहेत आणि मी पत्र लिहिते आहे. कालपासून तीनदा तुमच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्यांदा तुम्ही अंगणात लोकर धूत होतात आणि मला पाहिलंत, हेही मला माहीत आहे.

सोबत आत्याचं पत्र ठेवलं आहे. ते आधी वाचा.

मी पहार घालून दगड उचलला. खालच्या बाजूला क्रूस आहे, त्याच्या दोन्ही बाहूंखाली डाळिंबं आहेत, माती चिकटलेली पण एकही पाकळी तुटलेली नाही. याच्या पाठीवर गुडघे टेकून मी सगळ्या गावासाठी लवाश भाजले आणि त्याच हातांनी तुमच्या वडिलांचं नाव फळ्यावर लिहिलं.

यापुढचं लिहायला जड जातंय. दगड पाहिल्यावर मी तो पुन्हा पालथा ठेवला. चार दिवस तसाच ठेवला, आणि त्यातल्या एका दिवशी त्यावर बसून लवाश भाजले. स्वतःला सांगत होते की आत्याचा विचार करते आहे. खरं म्हणजे वर्गात मुलांसमोर उभं राहायचं कसं, याचा विचार करत होते. आत्याने तिच्या मरणापर्यंत थांबायला सांगितलं आहे. मी थांबणार नाही, तसं तिला कळवलं आहे. पण थांबावं असं मलाही वाटलं होतं, ते चार दिवस वाटलं होतं, आणि हे तुमच्यापासून लपवलं तर मी पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

पुस्तिकेचा मजकूर बदलला आहे. दगड उस्ता ओहान याने उकलला, पाणी त्याच्या मुलीने ओतलं, दोष दुसऱ्याच्या माथी गेला आणि तो पुढे वर्गात शिकवण्याचं काम ओहानच्या नातीने केलं, असं लिहिलं आहे. छापखान्याची गाडी परवा येते. तुमची परवानगी मागून हे ओझं तुमच्यावर टाकत नाही. बेनोकाकांचं नाव त्या पानावर ठेवायचं की काढायचं, एवढं मात्र तुम्हीच ठरवा. नुनुफारची माफी मी वर्गात सगळ्यांसमोर मागणार आहे. एकांतात मागितली तर ती स्वस्तात मिळवल्यासारखी होईल.

रविवारी सण आहे. यंदा कोकरू आमच्याकडचं आहे. कापण्याआधी कोकराला चाटवायचं मीठ आजवर आमच्याच घरून जायचं. यंदा ते तुमच्या घरून मिळेल का? नाही म्हणालात तरी मांसाचा पहिला वाटा घेऊन मी तुमच्या दाराशी येईन, आणि दार उघडलं नाहीत तर उंबऱ्यावर ठेवून जाईन.

लोभ मागण्याचा हक्क नाही. राग तरी समोरासमोर करा, ही विनंती.

आर्पेनिक


हिनाकार,
९ सप्टेंबर

आर्पेनिक, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, तेव्हा जसं येतंय तसं वाच.

मला माहीत होतं. बाबांनी जायच्या आधी सांगितलं, आणि तोंड उघडायचं नाही असंही सांगितलं. म्हणाले, पहिल्या हिवाळ्यात ओहानने दार उघडलं नसतं तर सांगायला मीही उरलो नसतो आणि तूही जन्मली नसतीस. मी ते पाळलं. तुझ्या तोनीरवरून लवाशचा वास आला की मी घरात जाऊन बसायची. गावाला वाटायचं माक्रुही गर्विष्ठ आहे.

नुनुफार परीक्षेच्या आदल्या दिवशी मला विचारत होती काय लिहू म्हणून. मी सांगितलं, बाई शिकवतात तेच लिही, मार्क तरी मिळतील. तेव्हा त्या पाचातला अर्धा वाटा माझा धर. सगळा तूच घेऊन बसू नकोस. पोरीपाशी मात्र काय बोलायचं ते बोल, वर्गातच बोल, ती वाट बघतेय.

माफ केलं असं मी लिहीत नाही. तुझ्या आत्याला तर नाहीच, निदान आज नाही. पण तिला म्हणावं, जिवंत आहेस तोवर ये. मेल्यावरची माफी मला नको. बसने यायला तीन तास लागतात, गुडघ्यांचं मला सांगू नये.

बाबांचं नाव काढू नकोस. त्यांनी गाडीतून नेला हे खरं आहे, तेवढं लिही. फोडला कोणी तेही लिही. आणि तो दगड भट्टीशी आणखी एक दिवस ठेवायचा नाही. आमच्या गाडीतून खाली आला, आमच्याच गाडीतून वर जाईल. रविवारी सकाळी माझा भाऊ बैल जुंपेल. यंदा वर गवत टाकायचं नाही. तू गाडीच्या पुढे चालायचंस, झऱ्यावरून, बायका पाण्याला आलेल्या असताना.

मीठ नुनुफारच्या हाती पाठवतेय, आमच्या मोठ्या बरणीतून. एवढ्या वर्षांत आमच्या घरचं भांडं कोणी नेलं नाही, म्हणून परत यायचा प्रश्नच कधी आला नाही. ही बरणी परत आण. स्वतः आण, आणि रिकामी आणू नकोस.

माक्रुही