ब्रेकमधली हवा

मामंजी,

परवा नातवाची जुनी जीप दारात उभी होती आणि तो फोनवर गॅरेजवाल्याशी भांडत होता, ब्रेक दाबला की पायडल खाली जातं म्हणून. मी ओसरीवरून म्हटलं, "नुसतं खाली जातं म्हणू नकोस. कसं जातं ते सांग त्याला. दोनदा दाबल्यावर वर येतं का? दाबून धरलं तर हळूहळू बसतं का? का उशीवर पाय दिल्यासारखं मऊ लागतं?" पोरगं म्हणालं, "आजी, तुला काय कळतं यातलं?" मी हसत आत आले आणि आत येऊन रडले. तुम्ही आठवलात. सासऱ्याची आठवण येऊन रडणारी सून म्हणजे लोकांना थट्टाच वाटायची, म्हणून कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाच लिहिते.

तुमची ती मोटार डोळ्यांपुढे आहे. नगरहून पाथर्डीकडे माणसं नेणारी, निळा रंग उडालेली, लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बांधलेली. सकाळी तुम्ही भट्टी पेटवलीत की सगळी आळी खोकायची आणि सासूबाई म्हणायच्या, "झाली माझी सवत जागी." माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तुमचा मुलगा लष्कराच्या लॉऱ्या चालवायला परमुलखात गेलेला. घरात तुम्ही, सासूबाई आणि मी. त्या काळच्या रीतीप्रमाणे मी कधी तुमच्यासमोर उभी राहिले नाही की तुमच्यासमोर तोंडातून शब्द काढला नाही. पाणी ठेवलं की बांगड्या वाजवायच्या. जेवण वाढलंय हे सासूबाईंनी सांगायचं. माझा आवाज बारीक की जाड, हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. माहेरी मी अखंड बडबडणारी. वडील लहानपणीच गेले, मी आणि आई दोघीच, आणि आम्हा दोघींच्या तोंडाला विसावा म्हणून नसे. तुमच्या घरात मी मुकी झाले होते. तुम्ही वाईट नव्हता हो. रीतच तशी होती, आणि ती मोडायची कोणाला गरज पडली नव्हती.

मग ती सकाळ. माझ्या माहेरचा, तिसगावचा एक गाडीवान निरोप घेऊन येतो, की आईनं अंथरूण धरलंय, अन्न सुटलंय, लेकीसाठी दाराकडे डोळे लावून पडली आहे. मी चुलीपुढे बसून ऐकते आणि तव्यावरची भाकरी करपून जाते. बाहेर तुम्ही म्हणता, "कालपास्नं पायडल धरत न्हाई. आज मोटार काडायचीच न्हवती. पन न्हेतो पोरीला. करतो नीट." करंजीचा घाट उतरल्याशिवाय तिसगाव येत नाही, आणि त्या ब्रेकवर घाट उतरायचा म्हणजे आईच्या आधी आपणच वर पोचायचं. तुम्ही एकेका चाकावर हात फिरवून बघता, कुठं तेल गळलंय का, सगळं कोरडं. म्हणजे हवा. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की वर पाय कितीही दाबा, चाकापर्यंत जोर पोचत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात, एक वर बसून पायडल दाबणारं आणि एक खाली चाकाशी बोल्ट ढिला करणारं. तुमचा क्लीनर गावी गेलेला, गाडीवान निरोप देऊन पुढं निघून गेलेला, आळीतले बाप्ये कामावर, सासूबाईंचे गुडघे धरलेले. उरले मी.

पदर नाकापर्यंत ओढून मी ड्रायव्हरच्या जागी चढले तेव्हा आळीतल्या बायकांनी हातातली कामं टाकली. खालून तुम्ही म्हणालात, "दाब." मी दाबलं. "दाबलं का?" मी मान हलवली. मोटारीखालच्या माणसाला मान दिसते होय? "अगं, दाबलं का?" मी बांगड्या वाजवल्या, तर तुम्हाला वाटलं पाय काढला. मग तोड निघाली, की मी ओट्यावरच्या सासूबाईंना हळूच सांगायचं आणि त्यांनी तुम्हाला. "दाबलंय म्हनती," हा निरोप फिरून खाली पोचेपर्यंत माझा पाय भरून यायचा. मी बुटकी, सीटवरून घसरायची, पायडल वर यायचं, आणि नेमका तेव्हाच तुम्ही बोल्ट सोडायचात. जितकी हवा निघायची तितकीच परत आत. ऊन डोक्यावर आलं. ब्रेकचं तेल बाजारात मिळत नव्हतं म्हणून एरंडेलात स्पिरिट घालून तुम्ही जे काही करायचात, तेही बुडाशी आलं. पायडल जसंच्या तसं. तिकडे आई दाराकडे बघत होती आणि इकडे मी रीत पाळत होते.

तुम्ही मोटारीखालून बाहेर आलात. कोपरापर्यंत तेल, कपाळाला माती. रागावणार वाटलं, आणि रागावलातच. "पोरी, आईला बगायचंय का न्हाई तुला? मंग तोंड उघड. मी खाली, तू वर. तुला काय लागतंय ते तू सांगितल्याबिगर मला कळायचं कसं?" सासूबाई म्हणाल्या, "अवो, लोक काय म्हनतील?" तुम्ही म्हणालात, "लोकास्नी बशिवतो फुडच्या सीटवर घाटात. मंग म्हनू द्या काय म्हनायचं ते." आणि पुन्हा खाली जाऊन, आवाज एकदम उतरवून तुम्ही विचारलंत, "सांग आता. पायाला कसं लागतंय?"

मामंजी, त्या घरात कसं लागतंय असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. कालवणात मीठ कसं लागतंय एवढंही नाही. आवाज फुटला तो इतका मोठा की ओट्यावरची मांजर पळाली. "मऊ लागतंय मामंजी! भिजवलेल्या कणकेवानी!" खाली तुम्ही हसलात, मला ऐकू आलं. मग आपलं सुरू झालं. "दाब." "दाबलं!" "धर." "धरलं! खाली चाललंय... चाललंय... टेकलं!" "टेकूनच धर. मी म्हनस्तोवर उचलू नको. हां, सोड." बायका बघत होत्या, सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, आणि मी रणात उभी असल्यासारखी ओरडत होते. चाकामागून चाक झालं. कणीक घट्ट होत गेली. शेवटच्या चाकाला पाय मध्येच अडला आणि पुढे जाईना, तेव्हा मी इतक्या जोरानं "धरलं!" म्हणाले की तुम्हीच दचकलात.

घाटात मी तुमच्या मागच्याच बाकावरून रस्त्याकडे पाहिलंच नाही, तुमच्या पायाकडे पाहत होते. प्रत्येक वळणाला तो दाबला जायचा आणि मोटार मुकाट हळू व्हायची. मला देवापेक्षा त्या पायाचा आधार वाटला. आई होती. तिनं मला ओळखलं, जवळ घेतलं, आणि माझं पहिलं वाक्य ऐकून म्हणाली, "घसा बसला व्हय गं? कुनाशी भांडून आलीस?" मी म्हटलं, "मामंजींशी." ती हसली. सासरी लेकीला भांडता येतं, एवढं तिला पुरलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तोवर तुम्ही बाहेर मोटारीतच झोपत होतात. मोटारीसाठी येणारे उतारू परत लावलेत, पण मला तिथं एकटी टाकून नगरला आला नाहीत.

परत आल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं. पाणी, बांगड्या, सासूबाईंचे निरोप. काम झालं होतं, मग बोलायचं कशाला? पण आता बोलायला माहेरही उरलं नव्हतं. चुलीशी बसून मी मनातल्या मनात आईशी बोलायचे.

हे पत्र कुठं जाणार नाही, घडी घालून लुगड्यांत ठेवीन. म्हणून आता सांगून टाकते. एका सकाळी तुम्ही भट्टी पेटवत होतात. सासूबाई शेजारी गेलेल्या. मी पदर सावरला, ड्रायव्हरच्या जागी चढून बसले आणि पायडल दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट होतं. आदल्या दिवशीच त्याच ब्रेकवर तुम्ही घाट उतरून, चढून परत आला होतात, तुम्हाला ते माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मी म्हटलं, "मामंजी, मऊ लागतंय." तुम्ही भट्टी तशीच सोडलीत आणि पाना घेऊन मोटारीखाली गेलात.