पाणी की पानी

अंधेरी, मंगळवार, ७ ऑगस्ट १९८४

टेस्टिंगची जागा सदाला मिळाली. सदाला! मी निदान नववीपर्यंत गेलो. त्याला स्वतःच्या वर्सोव्याचं नावसुद्धा धड लिहिता येत नाही.

मरोळच्या आमच्या कारखान्यात टेलिफोनचे रिसीव्हर बनतात. आज साहेब बंद खोलीतून शब्द वाचत होते आणि आम्ही दोघे रिसीव्हर कानाला लावून, ऐकू येईल तसं लिहीत होतो. माझ्या कागदावर शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तरी साहेबांनी माझ्या 'पाणी'वर लाल फुली मारली.

"मी मुद्दाम 'पानी' वाचलं होतं. सदानं बरोबर टिपलं."

"साहेब, तो नेहमीच तसं लिहितो!"

"असेल. पण तू कानानं ऐकत नाहीस रे, पाठ केलेलं ऐकतोस. तू खराब रिसीव्हरसुद्धा पास करशील."

सदा हसला. "जाऊ दे ना यार, अक्षर तुझंच झकास हाय." तेच जास्त लागलं.

पण मला 'ण'च ऐकू आला होता. शपथ. मग तो 'न' गेला कुठे?

घरी आलो तर आईनं विचारलं, "पानी व्हया काय रे?"

मी म्हटलं, "पुन्हा म्हण."

"बहिरो झालंस काय? पानी, पानी!"

बावीस वर्षं ती हेच म्हणते आहे आणि मला आज पहिल्यांदा ऐकू आलं. सदा आमच्या घरी एकदाच आला होता, गणपतीला. आईनं त्यालाही पाणी विचारलं होतं. त्याला तेव्हाच ऐकू आलं असणार.